दंडाची पावती

नागलीच्या कणगीत तळाशी फडकं,
फडक्यात पिशवी, पिशवीत कागद.
यमनी भोयेनं तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.
सीबीएससमोरच्या हॉटेलात चहा गार होत होता
आणि मी दावा क्रमांक एकशे बारा भरत होतो,
रकाना सहा : कसत असल्याचा पुरावा.

हा दावा दोनदा परत आलेला.
सातबारा नाही, शेतसारा नाही.
"साहेब म्हणाले, कधीपासून कसता?
मी म्हटलं, डोंगरावर वरई कधीपासून उगवते?"
ते उत्तर रकान्यात मावलं नव्हतं.

कागद पिवळा, घडीवर फाटलेला.
मे एकोणीसशे एकोणऐंशी. मौजे खिरपाडा, तालुका पेठ.
वनात अतिक्रमण करून राब भाजला.
दंड रुपये साठ. नांगर एक, जप्त.
खाली सही,
कुऱ्हाडीच्या घावासारखी तिरपी.

साठ रुपये म्हणजे तिच्या पायातली कडी.
ती विकून आणलेला कागद
सेहेचाळीस वर्षं तिला चोर म्हणत राहिला.
आता त्यालाच सांगायचं होतं
की बाई तिथंच होती.

बाहेर गोल्फ क्लबच्या मैदानावर तिसरी रात्र.
तीन दगडांच्या चुली, बाजरीएवढे तारे,
लहान पोरं फ्लेक्सवर झोपलेली.
सिग्नलला अडकलेला एकजण काच खाली करून म्हणाला,
"रोजचंच झालंय तुमचं."
मला होस्टेलमधला रूममेट आठवला :
तुमचं बरंय, तुम्हाला सवलत असते.
त्या वेळी मी हसलो होतो.
ते हसू अजून कुठंतरी दातात अडकलंय.
मग सिग्नल सुटला. गाडी गेली.
पाठीमागून एक नर्स स्कूटीवर आली,
पाण्याचे दोन जार ठेवून, नाव न सांगता गेली.

सुनावणीत विचारलं, पावती खरी कशावरून?

मखमलाबाद रोडला, द्राक्षबागेच्या कडेच्या बंगल्यात
मला तो सापडला. दौलत देवरे,
निवृत्त वनरक्षक, वय एक्याऐंशी, कानात यंत्र.
आधी म्हणाला, आठवत नाही.
मग म्हणाला, वरून हुकूम होता.
मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही.
बुधवारी रिक्षातून उतरला, इस्त्रीचा सदरा घालून,
जणू पुन्हा ड्यूटीवर.

"सही माझी आहे," तो म्हणाला.
"ही बाई तिथंच राहायची. तिचा नवराही. सासराही."
कारकुनानं लिहून घेतलं.
यमनी उठली. नियमात नव्हतं, तरी उठली.
"माझ्या नांगराचं काय झालं?"
यंत्र नीट करत त्यानं ऐकलं.
"विश्रामगृहात चुलीत गेला. साहेब आले होते.
कोंबडी शिजवायची होती."
"कोंबडी कुणाची होती?"

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

म्हातारा खाली बघत होता,
स्वतःच्या बुटांकडे, तेलपाणी केलेल्या.
"तुझीच," तो म्हणाला.
माफी हा शब्द कुणी काढला नाही.
जबाबावर सही करताना त्याचा हात कापला,
तेव्हा यमनीनं कागदाचं टोक दाबून धरलं.
"नीट कर. गेल्या खेपेला फाडला होतास."

चार एकर मागितले होते. मोजणीत एक एकर तीन गुंठे बसले.
विहीर दुसऱ्या बाजूला राहिली, मोहाची दोन्ही झाडंसुद्धा.
अपील करू म्हणालो. ती म्हणाली, करच.

पण निघताना खिडकीशी अडून बसली.
पावती परत हवी होती.
कारकून समजावत होता : बाई, मूळ प्रत आहे,
फाइलला राहते, आता तिचा तुम्हाला काय उपयोग?
मागं एकशे तेरावाला खोकत उभा.

"राहू कशी देऊ," यमनी म्हणाली,
"साठ रुपये मोजलेत मी."