गाडीला ऐकू जाऊ नये म्हणून

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेदहा,
मजरेवाडीत डांबर चपलेला चिकटायला लागलेलं.
सोबत रफिक मिस्त्री, खिशात टेस्टर,
आणि माझ्या हातात लेकीच्या वहीतला फाडलेला कागद:
हौद्याची लांबी. टायर. क्लच. पाटे.
मायलेज, खरं.
खाली तिच्याच अक्षरात,
आरसे दोन्हीकडं आहेत का बघा, पप्पा.

इराप्पा कोरे बनियनवरच बाहेर आले.
पत्र्याच्या शेडखाली पिकअप उभा,
पांढरा, म्हणजे एके काळचा पांढरा,
नऊ फुटी हौदा, कागदावर दीड टन.
"दोन टन ओढते," कोरे म्हणाले,
"पण मी कधी ओढायला लावलं नाही."
थोडं थांबून, "दोनदाच लावलं."

रफिक खाली सरकला. नुसत्या चपला दिसत होत्या.
बराच वेळ काही नाही.
मग आतून आवाज, "डावा पाटा बदललाय बे हा."
"बदललाय. कुंभारीच्या पुढं मोडला होता."
कोऱ्यांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"बाकीचं तिकडं चला, सांगतो."

तिकडं म्हणजे पाण्याच्या टाकीपलीकडं,
जिथून फक्त केबिनचा टप दिसत होता.
व्याह्याला पोराचं व्यसन सांगावं
तसा आवाज खाली आणून ते सांगत गेले:
पहाटे दुसरा गिअर रुसतो.
एसीचं बटण आहे, एसी नाही.
लिटरला चौदा म्हणतील कुणी, तुम्ही अकरा धरा,
तुळजापूरचा घाट आला की नऊ.
डावी काच वर जाते, पण तळहात लावून, हळू.
"तिच्यासमोर कशाला बोलायचं?
बारा वर्षं खाल्लंय तिच्या जिवावर."

रफिकनं माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं.
कागदावर याला जागा नव्हती.

विजापूर नाक्यापर्यंत चालवून बघितली,
कंबर तलावाशी वळवताना स्टिअरिंग जड गेलं,
आणि का कोण जाणे, मला ते आवडलं.
व्यवहार ताकाच्या दोन पेल्यांत मिटला.
किल्ली देताना कोऱ्यांनी डॅशबोर्डवरचा सिद्धरामेश्वर काढला,
चार पावलं गेले,
परत येऊन होता तिथंच चिकटवला.
"राहू द्या. तिला सवय आहे."

याला आता चार वर्षं झाली.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून
टर्किश टॉवेलचे गठ्ठे रोज ट्रान्सपोर्टला.
एकदा बोरामणीला बंद पडली, चाळीस गठ्ठ्यांसकट,
तेव्हा तिला जे बोललो ते इथं लिहीत नाही.
एकदा रात्री अम्माला सिव्हिलला नेलं,
हौद्यात न खपलेल्या चादरींची चळत,
वर अम्मा आडवी, धापा टाकत म्हणते,
घरातल्या खाटेपेक्षा हे बरं आहे रे.
तिसऱ्या दिवशी घरी आली, तीही हौद्यातच.
पुढं बसायला तयार नाही.

परवा शेजारच्या कारखान्यातला श्रीनिवास येमूल आला.
त्याला नवा घ्यायचाय, डबल केबिनचा,
मोबाईलएवढ्या पडद्याचा, मागं कॅमेऱ्याचा,
हप्ता ऐकून मलाच घाम फुटला.
"काका, तुम्ही समाधानी आहात का?
दहापैकी किती?"

मी हात पुसले. म्हटलं, चल, चहा घेऊ.
रस्ता ओलांडून टपरीच्या आतल्या बाकड्यावर बसलो,
पाठ गाडीकडं.
"सात," मी हळूच म्हणालो.
गिअरचं सांगितलं, काचेचं, घाटाचं,
बोरामणीचंही, शिव्या वगळून.
तो मोबाईलमध्ये टिपून घेत होता.

परत आलो. बॉनेट उन्हानं तापलेलं,
तरी त्यावर थाप मारली, हात भाजला,
आणि तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात
त्याला सांगितलं,
"साडेनऊ, बे.
अर्धा एसीचा कापला."