काळा धूर

शिंदवण्याच्या वळणावर आम्ही चौघं,
कुसळं गुडघ्यापर्यंत टोचलेली,
ट्रायपॉडचे पाय मुरमात रुतवून
साडेतीनपासून बसलोय.
ओजस टिळेकर सावल्या मोजतो:
ऊन त्या बाभळीपलीकडे गेलं की संपलं.
गाडी लेट आहे. कुणी तक्रार करत नाही.
गाडी लेट झाली की घड्याळाऐवजी
आभाळाकडे बघणारे आम्हीच असू.

आधी रुळाला कळतं.
मग कीमन गेनबाला. हातोडा खांद्यावर टाकून
तो न सांगता सरकतो माझ्या चौकटीबाहेर.
मग टेकडीमागून दोन इंजिनांचा दम,
मागे अठ्ठावन्न वाघिणी, पुढे चढ.

ड्रायव्हरनं नॉच ओढला
आणि आभाळात शाईची दौत उपडी झाली.

सेकंदाचा पाचशेवा भाग.
तेवढ्यात मावलं:
धुराच्या काठाला उन्हाची तांबूस किनार,
गवत एका कुशीवर झोपलेलं,
खिडकीत कुणाचं तरी कोपर, अगदी निवांत.

तीन हिवाळे मी या फोटोसाठी घालवले होते.

प्रदर्शनात तो दारासमोरच लावला.
खाली चिठ्ठी: 'मेघ'.
दादा आले घोरपडीहून, इस्त्रीच्या शर्टात,
डिझेल शेडमधली छत्तीस वर्षं मागे टाकून,
फक्त नखांच्या कडा अजून ड्युटीवर.
लोक म्हणत होते, काय संताप आहे बघा त्या धुरात.
दादांनी चष्मा कपाळावर सारला,
काचेला नाक लागेल इतके जवळ गेले.
'नीट जळत नाहीये,' म्हणाले,
'मागच्याचा टर्बो दमलाय.
हे असं शेडबाहेर सोडलं कुणी?'

एका बाईंनी हसून विचारलं,
'पण आवडला का तुम्हाला फोटो?'
दादांना प्रश्नच कळला नाही.
खोकणाऱ्याचा एक्स-रे
आवडतो का कुणाला?

आमच्या क्वार्टरमध्ये रात्री
ते पांघरुणातून इंजिनं ऐकत.
'सोळातलं एक सिलिंडर गप्प आहे,' म्हणत अंधाराला.
आई म्हणायची, 'झोपा आता,
ते काय तुमच्याकडे औषध मागायला येणारेय?'
सकाळी सायकल काढून जायचे,
आणि बहुतेक वेळा एक गप्प असायचंच.

त्यांच्या लेखी धडधाकट इंजिन म्हणजे
ज्याच्या धुरांड्यावर काहीच दिसत नाही,
फक्त पलीकडचा लिंब
जरासा थरथरतो, तापलेल्या हवेतून.
तो फोटो मी काढून पाहिलाय.
पुष्कळदा.
लिंब येतो. थरथर येत नाही.

आता घाटात खांब आले, तारा आल्या.
ओजस रात्री बसून एकेक तार पुसतो पडद्यावर,
आणि गाडी मग बिनतारेची
कशाच्या बळावर धावते कोण जाणे.
विजेचं इंजिन गेलं की दादा
फाटकाशी थांबून कान देतात,
मान हलवतात. 'ह्याला कुठं दुखतं
ते बाहेरून कळत नाही गं.'

'मेघ' विकला गेला. बाणेरचं जोडपं,
सोफ्यावरच्या भिंतीला मापात बसला म्हणाले.
बांधायच्या आधी दादांनी पेन्सिल मागितली.
मला वाटलं, आशीर्वाद लिहितील.
फ्रेम उलटी करून त्यांनी लिहिलं:
इंजिनाचा नंबर, जो फोटोत धड दिसतही नाही,
तारीख, आणि खाली
'धूर जास्त. इंजेक्टर बघणे. टर्बो उतरवणे.'
मग सही, शेडच्या वहीत करायचे तशीच,
शेवटचा फाटा लांब ओढून.

पोऱ्यानं वरून खाकी कागद चिकटवला.
मी काही बोलले नाही.

आता तिकडे पाहुणे चहा घेत असतील
त्या धुराखाली.
आणि धुरामागे, भिंतीच्या बाजूला,
ते काम अजून पेंडिंग आहे.