बारावा

त्या दुपारी माझ्या मांडीवर एक टोपी होती
आणि टोपीत
पाच घड्याळं, दोन अंगठ्या, एक जपमाळ,
शिवाय गोलरक्षक झेनॉन कुबाशिकची वरची कवळी,
रुमालात गुंडाळलेली.

कोलाँबचं मैदान, मे महिना, बावन्न की त्रेपन्न.
मुलगी म्हणते, बाबा, साल तरी नीट सांगा.
साल काय सांगू, गवत सांगतो.
आमच्या गावी खाणीमागच्या राखेवर खेळायचो आम्ही,
पडलं की गुडघ्यात काळं जायचं ते कायमचं.
इथलं गवत पाहून एमे देलोबेल वाकला
आणि तळव्याने दाबून बघितलं त्याने,
बाजारात बायका चीज दाबून बघतात तसं.
म्हणाला, ताजं आहे.

मग उंच टोपीतले एक साहेब आले
रांगेतून हात मिळवत,
नऊ, दहा, अकरा,
आणि वळले.
माझा हात कोपरापर्यंत वर आला होता.
मी त्याने नाक खाजवलं.

तेव्हाचा नियम साधा होता:
अकरा म्हणजे अकरा.
मोडला, तर मोडकाच खेळेल,
बाकावरचा धडधाकट बाकावरच.
मग मला नेलं कशाला होतं?
कुणाला सकाळीच ताप आला असता तर, म्हणून.
देवा, मी रात्रभर दहाजणांच्या श्वासांवर कान ठेवून होतो.
अकरावा फिर्मँ लोस्त. तो घोरायचा,
त्याची काळजी नव्हती.

आणि विसाव्या मिनिटाला फिर्मँचंच हाड मोडलं,
गळ्याजवळचं.
आवाज मला ऐकू आला, पन्नास हजारांतून,
वाळकी फांदी मोडावी तसा.
त्याचा हात जर्सीतच बांधला त्यांनी
आणि त्याला डाव्या कडेला नेऊन उभा केला,
लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखा.
मी उठलो.
टोपीतली घड्याळं किणकिणली.
प्रशिक्षक मागे न बघता म्हणाले, बस.

एक गोल खाल्ला आम्ही. झेनॉनच्या बोटांना चाटून गेला.
तो सांगत नाही बसणार तुम्हाला.

शेवटची दहा मिनिटं राहिली असतील.
चेंडू घरंगळत फिर्मँकडे आला, कुणी दिलाही नव्हता.
समोर त्यांचा उजवा बचावपटू,
दक्षिणेकडचा लालकेशी पोरगा.
त्याने त्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं
आणि अर्धं पाऊल मागे घेतलं.
अर्धंच. पण वाट मोकळी झाली,
थेट गोलपर्यंत.

फिर्मँ थांबला.
आणि चेंडू त्याने असा हाणला
की तो मैदानाबाहेर, छपराखाली,
कुणाच्या तरी जेवणाच्या डब्यावर जाऊन आदळला.
लोक हसले. मग शिट्या.

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा
पाच घड्याळं पाच वेळा दाखवत होती.
आमची नव्वद मिनिटं
प्रत्येकाची वेगळी संपली.

परतीच्या गाडीत मी ज्याचं त्याला दिलं.
झेनॉनने पाठ वळवून कवळी बसवली,
जबडा दोनदा मिटून पाहिला
आणि मगच रडला.
बोळक्या तोंडाने रडणं बरं दिसलं नसतं.

पुढे अठ्ठावीस वर्षं
फिर्मँ आणि मी एकाच पिंजऱ्यातून खाली जात होतो.
एकदाच विचारलं मी त्याला,
दिवे मागे पडून अंधार सुरू होतो ना, त्या जागी.
बराच वेळ फक्त दोरखंड कुरकुरला.
मग म्हणाला,
"पोराला दया आली होती रे.
ती घेऊन गावात कुठे ठेवली असती?"
आणि खाली पोचता पोचता:
"तू उठलास ते पाहिलं होतं मी."

तर मुली, फोटोत मी नाही.
एमेच्या खांद्यामागे एक कोपर आहे, ते माझं,
असं तुझी आई म्हणायची.
त्या रात्री घरी आलो, तिने पाणी तापवलं होतं.
बुटांना गवताची काडीसुद्धा लागली नव्हती.
तरी मी ते धुतले,
नाड्या काढून,
दोन्ही.