टुवाल

शनिवारी सकाळची शाळा सुटली
की नववीतली अकरा पोरं थांबतात.
अशोक चौकाच्या मागं, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली.
शेजारी माग चालू असतात, खटॅक-खट, खटॅक-खट,
त्या ठेक्यावरच आम्ही म्हणतो,
ओला, बुएनोस दीआस,
मे यामो इरण्णा, मे यामो तस्लीम.

घरी तेलुगू, गल्लीत कन्नड,
दुकानात उर्दू मिसळलेली हिंदी, पाटीवर मराठी,
इंग्रजी तेवढी मार खाऊन शिकलेली.
आणखी एक भाषा म्हणजे
यांना पंगतीत एक पान जास्त.
पुण्यात दोन वर्षं माझी जीभ 'र्र'ला अडखळली,
इरण्णाची पहिल्याच दिवशी
कांडीसारखी गरगरली.

'मे गुस्ता' शिकवायला मी खडू घेऊन सज्ज होते.
इंग्रजीत कसं, 'मी' आवडवून घेतो.
तिकडं तसं नाही, मी म्हणाले, तिकडं...
'मला आवडतं,' म्हणाला मागच्या बाकावरचा सिद्धाराम,
'आपल्यासारखंच की हो, बाई.'
झालं. चाळीस मिनिटांचा धडा
एका वाक्यात आटोपला.
मग मे गुस्ता ला चटणी, शेंगाची,
आणि 'ला' का, हे कुणी विचारलं नाही.
चटणी ती, म्हणून ला.

'आणि आमचं ते कुठं ठेवायचं? घर ते?'
तिकडं ते नाहीच, मी म्हणाले. तिकडं घर ती आहे.
'इकडं पण तीच असती,' तस्लीम म्हणाली,
आणि वहीत मान घातली.

'आहे' मात्र तिकडं दोन आहेत.
एक मुळातलं, सेर. एक सध्याचं, एस्तार.
सोलापूर गरम आहे, यात कुठलं,
यावर अर्धा तास भांडण झालं.
लावण्या इराबत्ती तेव्हा पहिल्यांदा बोलली.
'आमचा कारखाना बंद आहे, बाई.
नान्ना घरीच आहेत.
हे कुठलं आहे?'

एस्तार, मी म्हणाले.
जरा जास्तच घाईनं.

पुढच्या शनिवारी तिनं मूठ उघडली.
टेबलावर लेबलं. सॅटिनची, बोटाएवढी,
शेवटच्या पाळीला नान्नाच्या खिशात राहिलेली.
गेली सात वर्षं ते ही
शिवणाऱ्या बायांना मोजून द्यायचे,
शंभराच्या गड्ड्या.
काय लिहिलंय, कुणी विचारलं नव्हतं,
त्यांनीही नाही.

पोरं वाकली. अक्षर अक्षर लावत,
तो-आ-या...
'टुवाल! बाई, टुवाल लिहिलंय!'
आल्गोदोन म्हणजे कापूस.
चाळीस अंशांवर धुवा.
'चाळीस? मेमध्ये आपल्या नळाला तेवढंच येतंय.'
आणि खाली, हेचो एन इंदिया.
एचो, मी सुधारलं. ह लिहायचा, म्हणायचा नाही.
एचो म्हणजे केलेलं.
'कुणी?' लावण्यानं विचारलं.
ते लिहीत नाहीत, मी म्हणाले.

तास संपेपर्यंत ती काहीतरी खरडत होती.
मग एक लेबल उलटं करून
माझ्यापुढं सरकवलं.
बॉलपेन, वेडीवाकडी रोमन अक्षरं,
एचो पोर मी पापा.

मी बघत राहिले.
मग मास्तरीण जागी झाली आणि म्हणाली,
शेवटच्या अक्षरावर रेघ राहिली, लावण्या.
रेघ नसली की पापा म्हणजे बटाटा.

वर्ग पत्रा उडेल इतका हसला.
बटाट्यानं केला टुवाल!
तीही हसली, दात दिसेपर्यंत,
मग लेबल ओढून घेतलं
आणि त्या अक्षराच्या डोक्यावर
तिरकी रेघ मारली,
इतकी दाबून
की शाई पलीकडं उतरली,
छापलेल्या बाजूला.