हौद

आमच्या साखर पेठेत पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी सहाव्या, कधी पहाटे तीनला.
तोटी आधी खोकते, मग गढूळ, मग पाणी.
म्हणून घरात माणसांपेक्षा भांडी जास्त.
ही सवय मला गाण्यांतही लागली.

जिन्याखाली, जिथं आधी बॉबिनांच्या टोपल्या असायच्या,
तिथं एक जुना कॉम्प्युटर आहे,
बुडालेल्या पतसंस्थेच्या लिलावातून नऊशे रुपयांत आणलेला.
अंगावर अजून ‘काउंटर क्र. ३’ची चिठ्ठी.
त्यात माझी अकरा हजार गाणी राहतात.

भाचा तिरुपती पुण्याहून आला की वाकून बघतो.
“काय करलालाव मामा हे?
महिन्याला शंभर-सव्वाशे टाका की,
जगातलं सगळं गाणं वरून येतंय.”
वरून म्हणजे कुठून?
“क्लाउडवरून.”
ढगावरून!
आणि हे सोलापुरात उभं राहून सांगतोय,
जिथं ढग येतात, चपला न काढता
दारातूनच बोलतात आणि निघून जातात.

खोटं कशाला बोलू, मीही पैसे भरले होते.
पावणेदोन वर्षं. स्कूटरवर, कानात, नवंजुनं सगळं.
मजा होती.
मग एका मंगळवारी एक कव्वाली करडी झाली.
नाव होतं, फोटो होता, दाबलं तर आवाज नाही.
‘तुमच्या भागात उपलब्ध नाही.’
माझ्या भागात!
तीच कव्वाली विजापूर वेशीत, उरुसाला,
फळीवर बसून रात्रभर ऐकली होती मी.

पण जिन्याखालचं हे पोरही गुणी नाही.
पंख्यात तूस भरते, लाईट गेली की गप्प बसतं.
एका एप्रिलात पारा चव्वेचाळीसवर,
आणि आतून टक्-टक्, टक्-टक्.
मला वाटलं शेजारचा माग.
डिस्क होती ती.
चारशे गाणी गेली.
त्यात मल्लय्या येमूलच्या क्लॅरिनेटची एक कॅसेट, दोन्ही बाजू.
तिची दुसरी प्रत नव्हती. मल्लय्याचीही नाही.
तेव्हापासून हौदाशेजारी बॅरल, डिस्कशेजारी डिस्क.

एका फाइलचं नाव नुसतं ‘अक्का ०७’.
अक्का म्हणजे तिरुपतीची आई.
मांडीवर सूप, विड्या वळतेय,
पानाला कात्री लागते कचकच,
मागं दोन माग एकमेकांच्या पुढं धावतात,
आणि ती तेलुगूत काहीतरी गुणगुणते,
शब्द अर्धे गिळून, दोऱ्याचं टोक दातात.
एक मिनिट बावन्न सेकंद.
मग एकदम मराठीत ओरडते,
“पाणी आलं बघ!”
आणि संपतं.
कारण मी बादली घेऊन पळालो होतो.

गेल्या खेपेला तिरुपतीच्या फोनमध्ये
घरचा पत्ता, पासवर्ड घालून दिला.
“बघू,” म्हणाला, आणि बस पकडायला गेला.

काल रात्री दोनला उठलो, पाण्याची पाळी होती.
जिन्याखाली हिरवा दिवा लुकलुकत होता.
मी तर काही लावलं नव्हतं.
पडद्यावर बघितलं:
पुण्याहून कोणीतरी.
अक्का ०७.
सातव्यांदा.

फोन केला नाही.
पंख्यावरची तूस फुंकून काढली,
तोटीखाली घागर लावली,
आणि आवाज नको म्हणून
धार बारीक सोडली.