पुरलेला ओंडका

दर जानेवारीत मी बाबांच्या पदकांच्या पिना बदलते.
खारं वारं कुलूपबंद पेटीतही शिरतं,
चांदी काळवंडते, पिनेला गंज चढतो.
तारामुंबरीच्या दुकानात
गळ मिळतात, शिसं मिळतं, नायलॉनची दोरी मिळते,
पदकाची पिन मिळत नाही.
मी साडीची लावते.
चालतं, म्हणतात बाबा, कोण उलटून बघतंय.

चक्राची फीत अर्धी निळी, अर्धी केशरी.
लहानपणी मला वाटायचं, सरकारनं
आमच्या बंदरावरची संध्याकाळच कापून दिलीय.
दुसरी फीत तांबडी, मधे पांढरी रेघ.
ते पदक पासष्टचं. त्याबद्दल एवढंच सांगतात:
पूल होता, ट्रक होता, मी पोरगा होतो.

मानपत्र भिंतीवर आहे. खालचा कोपरा वाळवीनं खाल्लाय.
'कॅप्टन गुणाजी सोमा कोयंडे यांनी
तोफांच्या भडिमाराची पर्वा न करता
सुरुंग पेरलेल्या नाल्यातून
तीन रणगाडे...'
पुढं वाळवी.
शाळेतले मास्तर झेंड्याखाली उभे राहून
'तीन रणगाडे फोडले' असं वाचायचे.
बाबा खुर्चीतून उठायचे:
फोडले नाहीत. ओढले. आपलेच होते.
टाळ्या जरा कमी पडायच्या.

लढाई पुढं जाते,
चिखलात रुतलेलं मागं राहतं.
ते आणायला रात्री कुणीतरी जायचं असतं,
वायर, कप्पी, फावडी घेऊन,
दिवा न लावता.
गाबताच्या पोराला हे कुणी शिकवावं?
रापणीचा दोर धरूनच ते चालायला शिकलेले.

गेल्या वैशाखात खाडीच्या तोंडाशी
रोहन तांडेलाचा ट्रॉलर वाळूत बसला.
तो फोनवर क्रेन मागत होता,
भरतीला चार तास होते.
बाबा काठी टेकत आले. वय ब्याऐंशी.
पोरं माडाला वायर गुंडाळत होती.

'माडाक बांधू नकात. मुळासकट येतलो.
ओंडको पुरा, कमरेइतको खोल.
जेवढो खोल पुरशात, तेवढा बळ गावतला.'

जुन्या होडीची डोलकाठी आडवी पुरली,
तिला वायर, वायरीला कप्प्या, मग विंच.
वाळूनं आधी एक उसासा सोडला
आणि मग ट्रॉलर.

मी सहज विचारलं, फौजेत याला काय म्हणतात?
ते बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले.
'डेडमॅन. मेललो माणूस.'

आणि मग चौथा रणगाडा,
जो मानपत्रात नाही,
वाळवीनं खाल्लेल्या कोपऱ्यातही नव्हता.
त्याची वायर दोनदा तुटली.
आत ड्रायव्हर पेरुमाळ, पाय अडकलेला.
तो रात्रभर बोलत होता.
बाबांना एकच शब्द कळला: तण्णी.
पाणी त्यांनी टोपणातून पाजलं,
अर्धं सांडलं.
उजाडताना हुकूम आला, सोडा.

'तीन ओढलंय,' म्हणाले,
'एक थंयच रवलो.'

संध्याकाळी पोरं डोलकाठी उकरायला निघाली,
चांगलं लाकूड होतं.
बाबा म्हणाले, रवांदे.
अजून तिथंच आहे. ओहोटीला टोक दिसतं,
पोरं अडखळतात, शिव्या देतात.

यंदा शाळेत मास्तर नवे होते. नीट वाचलं त्यांनी:
तीन रणगाडे ओढून काढले.
तरी बाबा उठले.
सगळे थांबले. माईकही त्यांच्याकडं वळवला.
साडीची पिन जरा निसटली होती,
चक्र तिरकं लोंबत होतं.
ते काही वेळ तसेच उभे राहिले,
मग बसले.