मंगळवारचा वर्ग

काणकोणच्या आरोग्य केंद्रात, लसींच्या फ्रीजशेजारी
आम्ही सात पुरुष, सात प्लास्टिकच्या खुर्च्या
आणि एक रबरी बाहुली, डावा डोळा न मिटणारी.
घ्या, सिस्टर झेल्मा म्हणाली, एकेकानं घ्या, लाजताय काय.
रापणीवरचा सातू तिला बांगड्यांच्या टोपलीसारखी धरून उभा.
पेट्रोल पंपावरचा आवेलिनो हसायला लागला तो थांबेचना;
मग कळलं, हसत नव्हता.

मी मात्र ऐटीत पुढे झालो.
पाळोळ्याच्या किनाऱ्यावर आठ वर्षं जीवरक्षक आहे,
बाहुल्या मला नव्या नाहीत.
आमची मोठी असते, नुसतं धड आणि डोकं:
तीसदा छाती दाबायची, दोनदा श्वास फुंकायचा,
पुन्हा तीस, पुन्हा दोन.
सवयीनं माझे तळवे तिच्या छातीवर गेले.
अरे पुता, सिस्टर म्हणाली, ती मेलेली नाही.
मान धर. मान.

घरी सोललेल्या नारळावर सराव केला.
दीक्षिता पोटावर हात ठेवून हसत राहिली,
म्हणाली, ढेकर काढ आता त्याची.

चौथ्या मंगळवारी सिस्टर बाळंतपणानंतरचं काही सांगत होती.
त्या दिवशी भरती मोठी होती, मला सारखे फोन येत होते,
अर्धा वर्ग मी व्हरांड्यातच काढला.

करमल घाटात, रात्री दोनला,
कळ: पन्नास सेकंद. मग चार मिनिटं. मग साडेतीन.
उजवा हात तिच्या मुठीत,
म्हणून वहीतले आकडे सगळे डाव्या हाताचे,
वळणावळणाला ओळ सोडून गेलेले.
मडगावला दार बंद झालं.
बाकावर मी, माझ्या मांडीवर तिच्या चपला.
मोजायला काही उरलं नाही तेव्हा पंख्याची पाती मोजली.
तीन. पुन्हा तीन.

आणि मग तो आवाज.
वाळूवर गुडघे टेकून आम्ही ज्याची वाट बघतो तो,
खोकला, उलटी, शिवी, काहीही चालतं,
फक्त यावा.
मुलगी. दोन किलो सातशे.
मी मान धरली.

पुढचं सगळं वर्गात सांगितलं होतं तसंच,
दुपटी, जागरणं, काळी शी, मग पिवळी,
रात्री तीनला भांडू नका, भांडायचंच तर सकाळी भांडा.
मी शहाण्यासारखा वागत होतो. चहासुद्धा करत होतो.

नवव्या दिवशी संध्याकाळी
पोर रडत होती आणि दीक्षिता पडद्याकडे बघत होती.
काय झालं?
काही नाही. बरी आहे मी.
सासूबाई म्हणाल्या, होतं असं, पहिलटकरीण आहे, निजू दे.

आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात:
बुडणारा माणूस ओरडत नाही.
ओरडायला श्वास लागतो.
जे हात हलवतात ते बहुतेक फोटो काढत असतात.
तू बघ त्याला, जो अगदी सरळ उभा आहे,
तोंड पाण्याच्या रेषेशी,
डोळे उघडे, कुठेच न बघणारे.

आठ वर्षांत मी शंभर मीटरवरून ओळखलेत ते डोळे.
इथे मधे फक्त एक उशी होती
आणि मला नऊ दिवस लागले.

मी शिट्टी वाजवली नाही. कुणाला सांगतही बसलो नाही.
रिक्षा बोलावली.

आता दर मंगळवारी ती आत डॉक्टरीणबाईंशी बोलते,
कधी अर्धा तास, कधी जास्त,
काय बोलते ते मी विचारत नाही.
मी पोरीला घेऊन व्हरांड्यात, त्याच जागी.
आत नवे सात जण, तीच बाहुली, तोच उघडा डोळा.
सिस्टर मला दारातून दाखवते त्यांना,
बघा, असं धरायचं.
एकजण विचारतो, भीती नाही वाटत?
मी काय सांगावं त्याचा विचार करत असतो
तेवढ्यात दीक्षिता बाहेर येते
आणि पार गॅलरीच्या त्या टोकापासून ओरडते,
टोपी! अहो, टोपी उलटी घातलीय तिला!